उंटावरच्या लॉरेन्सकडे चक्क चिलखती रोल्स-रॉईस होत्या!

‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हटलं की डोळ्यांसमोर उंटच येतो. सिनेमाची कृपा! पण तुर्कांची हेजाझ रेल्वे उखडताना टी. ई. लॉरेन्सच्या दिमतीला ब्रिटिशांच्या चिलखती रोल्स-रॉईसही होत्या. आलिशान सिल्व्हर घोस्टच्या चासीवर पोलादी पत्रा आणि फिरत्या बुरुजात व्हिकर्स मशीनगन. टेहळणी करायची, छापा टाकायचा, वाळवंटात पसार व्हायचं.

सप्टेंबर १९१८. देराजवळचा रेल्वेपूल उडवून निघताना सोबतच्या एका रोल्स-रॉईसच्या स्प्रिंगचा ब्रॅकेट तुटला. शत्रू जवळच होता. एस. सी. रोल्स नावाच्या ड्रायव्हरने (हो, आडनावही रोल्सच!) लाकडाचे तुकडे बांधून ती चालती केली.

युद्धानंतर लॉरेन्सने आठवणी लिहिल्या. १९१९ मध्ये रेडिंग स्टेशनवर ते हस्तलिखितच हरवलं. पठ्ठ्याने बहुतेक सगळं पुन्हा स्मरणातून लिहून काढलं! प्रसिद्धीला मात्र तो इतका कंटाळला, की १९२३ मध्ये हा माजी कर्नल ‘शॉ’ नावाने टँक कोअरमध्ये साधा शिपाई झाला. पुढे हवाई दलातून कराचीलाही राहून गेला.

मे १९३५ मध्ये मोटारसायकल अपघातात तो गेला. वय ४६. ड्रायव्हर रोल्सच्या आठवणींचं पुस्तक आलं १९३७ मध्ये.