मोलोकाईचे संत दामियान

ईश्वराची प्रीति मनुष्याची योग्यता पाहून थांबत नाहीं, हें ज्यांच्या चरित्रांत आम्हांस स्पष्ट दिसतें, ते फादर दामियान ३ जानेवारी १८४० रोजीं बेल्जियममधील त्रेमेलो गांवीं शेतकरी कुळांत जन्मले. हवाई बेटांवरील नेमणूक वास्तविक त्यांच्या वडील बंधूंची. ते आजारी पडल्यामुळें हे निघाले, व १८६४ सालीं होनोलुलू येथें त्यांस गुरुदीक्षा मिळाली.

हवाईचें सरकार महारोग्यांस आप्तेष्टांपासून तोडून मोलोकाई बेटावर नेऊन सोडीत असे. १० मे १८७३ रोजीं दामियान तेथें उतरले. त्यांनीं रोग्यांचे व्रण धुतले, घरें बांधलीं, शवपेट्या ठोकल्या, आणि रोग्यांबरोबर एकाच पात्रांतून अन्न खाल्लें. स्वतः निरोगी असतांनाच ते प्रवचनांत आपली गणना महारोग्यांत करीत. १८८४ सालीं कढत पाण्यानें पाय भाजला तरी त्यांस वेदना झाली नाहीं. तेव्हां ते बोल खरे ठरले. स्वभावानें ते तापट व हट्टी होते, वरिष्ठांशीं त्यांचें फारसें पटत नसे. हें झांकून ठेवण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. आपल्या माणसांस मात्र त्यांनीं सोडलें नाहीं. १५ एप्रिल १८८९ रोजीं त्यांच्यामध्येंच ते वारले.

२००९ सालीं पवित्र सभेनें त्यांस संतपद दिलें. त्यांचा देह १९३६ सालींच बेल्जियमला नेला होता. परंतु व्रण धुणारा उजवा हात १९९५ सालीं मोलोकाईच्या जुन्या थडग्यांत परत आणून ठेवण्यांत आला.