मगनवाडीचे कुमारप्पा

मुलांनो, झाडाच्या फांदीला लटकलेले मधमाश्यांचे पोळे तुम्ही पाहिले असेल. पूर्वी लोक त्याखाली जाळ करत, माश्या मारत आणि सबंध पोळे पिळून घेत. अंडी व अळ्याही त्यात चिरडल्या जात. एकदा मध मिळे, पण वसाहत कायमची नष्ट होई. हा घाट्याचाच सौदा नव्हे का?

असा घाटा ओळखणारा एक हिशेबतपासनीस वर्ध्याला येऊन राहिला होता. त्यांचे नाव जे. सी. कुमारप्पा. त्यांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. लंडनला शिकून ते मुंबईत व्यवसाय करू लागले. पुढे अमेरिकेत अर्थशास्त्र शिकताना भारताच्या गरिबीची कारणे त्यांनी शोधली आणि त्यांचे मन बदलले. १९२९ मध्ये ते गांधीजींना भेटले. चांगला चालणारा व्यवसाय त्यांनी सोडून दिला व अंगावर खादी घातली.

१९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी आपली बाग त्याला दिली. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ तिला मगनवाडी म्हणू लागले. कुमारप्पा संघाचे चिटणीस झाले. तेथे तेलघाणी, हातकागद यांबरोबर मधमाशीपालनही शिकवले जाई.

आता या पाळीव माश्यांची पेटी कशी असते ते पाहा. पेटीत लाकडी चौकटी असतात. माश्या त्यांवर पोळी बांधतात. मधाने भरलेली चौकट यंत्रात गरगर फिरवली की मध बाहेर पडतो. पोळे शाबूत राहते व पुन्हा पेटीत ठेवता येते. मात्र सगळा मध काढायचा नसतो. फुले नसतील त्या दिवसांसाठी माश्यांचा वाटा ठेवावा लागतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कुमारप्पांना जबलपूरच्या तुरुंगात ठेवले होते. तेथे त्यांनी टिकाऊ अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिले. त्यात माकड आहे आणि मधमाशीही आहे! माकड आमराईत शिरते व न लावलेल्या, न शिंपलेल्या झाडांची फळे खाते. मधमाशी फुलातला रस घेते, पण घेता घेता परागकण दुसऱ्या फुलावर पोहोचवते, म्हणून फळ धरते. शिवाय ती एकटीसाठी राबत नाही. एक कामकरी माशी जन्मभरात चमचाभरही मध जमवत नाही. तरी तिचा थेंब साऱ्या वसाहतीचा असतो. माणसाने या दोघांपैकी कोणासारखे कमवावे, हा कुमारप्पांचा प्रश्न होता.

३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, मदुराई येथे त्यांचे निधन झाले. तुम्ही वर्ध्याला गेलात, तर मगनवाडीतले मगन संग्रहालय जरूर पाहा. त्याचे उद्घाटन १९३८ मध्ये गांधीजींनी केले होते.