संस्कृत मंदिराचे दार आणि डॉ. भांडारकर

पहिल्या इयत्तेपासून तिसरी भाषा शिकवावी की नाही, यावरून २०२५ साली महाराष्ट्रात जे वादळ उठले, ते अद्याप वाचकांच्या स्मरणात असेल. एप्रिलमध्ये शासनाने निर्णय काढला आणि जूनच्या अखेरीस तो मागे घेतला. मधल्या अडीच महिन्यांत सभा झाल्या, मोर्च्यांच्या घोषणा झाल्या, वृत्तपत्रांचे रकानेच्या रकाने भरले. भाषा कोणती, किती आणि कोणत्या इयत्तेपासून, या तीन प्रश्नांचा सर्व बाजूंनी काथ्याकूट झाला. ज्या मुलाला एका भाषेत वाक्य जुळविता येते, त्याला दुसऱ्या भाषेतील वाक्याची घडण कशी समजावून द्यावयाची, या चौथ्या प्रश्नाकडे मात्र फारसे कोणी वळले नाही. हा प्रश्न ज्याने आपल्या प्रांतात प्रथम गांभीर्याने हाती घेतला, त्या पुरुषाच्या चरित्राकडे या निमित्ताने पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवण येथे झाला. वडील महसूल खात्यात कारकून होते. त्यांची बदली रत्नागिरीस झाली म्हणूनच या मुलास इंग्रजी शाळेचे तोंड पाहावयास मिळाले. पुढे मुंबईस एल्फिन्स्टनमध्ये त्यांचे शिक्षण झाले. तेथे दादाभाई नौरोजी गणित शिकवीत असत आणि भांडारकर त्यांच्या हाताखाली शिकले. मुंबई विद्यापीठाची बी. ए. पदवी १८६२ साली ज्या पहिल्या चौघांना मिळाली, त्यांत न्यायमूर्ती रानडे, वामन आबाजी मोडक व बाळ मंगेश वागळे यांच्या जोडीला भांडारकर होते. पुढच्याच वर्षी ते एम. ए. झाले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आपण ज्यांना प्राच्यविद्येचे भीष्माचार्य मानतो, ते भांडारकर लहानपणापासून संस्कृतात वाढलेले नव्हते. त्यांची गती गणितात व इंग्रजीत होती. शिक्षणखात्याचे तत्कालीन संचालक हॉवर्ड यांनी सुचविल्यावरून, वयाच्या विशीत, ते या भाषेकडे वळले आणि शास्त्र्यांच्या पायाशी बसून व्याकरण शिकले. प्रौढपणी शिकलेल्या माणसाला आपण कोठे अडखळलो हे आठवत असते. बालपणी मुखोद्गत केलेल्याला ते आठवत नाही, कारण तो अडखळलेलाच नसतो. भांडारकरांच्या पुढील कामाचे मूळ मला या गोष्टीत दिसते.

तोपर्यंतची रीत अशी होती. मुलाने प्रथम रूपावली घोकावी, मग समासचक्र, मग अमरकोश. पुढे कौमुदी हाती घ्यावी आणि गुरू सांगेल तेव्हा तिचा अर्थ लावावयास आरंभ करावा. व्याकरणाला बारा वर्षे लागतात हा समज त्यातूनच रूढ झाला होता. या पद्धतीची टवाळी करण्याचे मला कारण दिसत नाही. तिने तयार केलेल्या शास्त्र्याचे पाठांतर व नेमकेपणा पुढच्या कोणत्याही पदवीधरात उतरला नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास या व्यवस्थेत एक परिचित गोष्ट दिसते. ज्या व्यवसायात शिरण्यासाठी बारा वर्षांचे भांडवल आधी गुंतवावे लागते आणि परतावा अगदी अखेरीस मिळतो, त्या व्यवसायात थोडीच घराणी उरतात. शास्त्राचा अर्थ सांगण्याचा मक्ता काही कुळांकडे राहिला, त्यास रूढी व अधिकारभेद ही कारणे होतीच. पण त्या भिंतीला शिक्षणक्रमाच्या या रचनेचाही भरभक्कम टेकू होता.

१८६४ साली भांडारकर सिंधमधील हैदराबाद येथे शाळेचे मुख्याध्यापक झाले आणि पुढच्या वर्षी त्याच हुद्द्यावर रत्नागिरीस आले. याच सुमारास त्यांचे संस्कृतचे पहिले पुस्तक, ‘मार्गोपदेशिका’, प्रसिद्ध झाले आणि थोड्याच वर्षांत त्याचा दुसरा भाग आला. या दुसऱ्या भागाचे नाव ‘संस्कृतमन्दिरान्तःप्रवेशिका’. मंदिराच्या आत प्रवेश करून देणारी, असा त्याचा सरळ अर्थ आहे. त्या काळी हे नाव निवडताना लेखकाच्या मनात काय असेल याचा तर्क मी करीत नाही. वाचकाने तो जरूर करावा.

या पुस्तकांची योजना आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातील नवलाई ध्यानात येत नाही. प्रत्येक पाठात थोडे नियम, मग भाषांतरासाठी संस्कृत वाक्ये, मग संस्कृतात उतरविण्यासाठी इंग्रजी वाक्ये आणि त्यांना लागणारे शब्द. आरंभ नामापासून होत नाही, क्रियापदापासून होतो. त्यामागे मोठे मर्म आहे. संस्कृतात ‘वदामि’ एवढा एकच शब्द उच्चारला की ‘मी बोलतो’ हे पूर्ण वाक्य तयार होते, कारण कर्ता क्रियापदाच्या प्रत्ययातच बसलेला असतो. ‘राम’ शब्दाची चोवीस रूपे पाठ केलेल्या मुलाला एकही वाक्य बोलता येत नाही. ‘वदामि’ शिकलेल्याला पहिल्याच दिवशी येते.

आणि क्रियापदे तरी कोणती निवडावीत? धातुपाठात सुमारे दोन हजार धातू आहेत व ते दहा गणांत विभागलेले आहेत. भांडारकरांनी पहिल्या पुस्तकात पहिला, चौथा, सहावा व दहावा हे चारच गण घेतले आणि उरलेले सहा दुसऱ्या भागासाठी ठेवले. या चार गणांत धातूला जोडून येणारे अंग अकारान्त असते व प्रत्ययापूर्वी ते फारसे बदलत नाही. एकदा ठसा कळला की तोच सर्वत्र चालतो. शिवाय एकट्या पहिल्या गणातच एकूण धातूंपैकी निम्म्याच्या आसपास धातू येतात. चारही मिळून चार-पंचमांशांहून अधिक. अल्प श्रमात अधिकात अधिक क्षेत्र हाती यावे, असा हा हिशेब आहे आणि तो गणितात रमलेल्या माणसाला शोभणारा आहे. त्यात एक उणेपणा राहतोच. ‘असणे’ आणि ‘करणे’ या पावलोपावली लागणाऱ्या क्रियांचे धातू नेमके या चार गणांबाहेरचे आहेत. कोणत्याही भाषेत अतिवापराचे शब्दच सर्वांत अनियमित असतात. तेव्हा हा दोष भांडारकरांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

त्यांनी पद्धत युरोपीय पाठ्यपुस्तकांची घेतली, परंतु गण, परस्मैपद, आत्मनेपद, गुण, वृद्धी, सेट्, अनिट् ही सारी परिभाषा मात्र आपल्या वैयाकरणांचीच ठेवली. त्यामुळे या वाटेने आलेला विद्यार्थी पुढे पाणिनीकडे गेला तर परक्या घरी आल्यासारखा बावरत नाही.

या पुस्तकांवर एक आक्षेप मात्र घ्यावासा वाटतो. ती इंग्रजीतून लिहिली गेली. विद्यापीठाचे माध्यम इंग्रजी असल्यामुळे तसे घडले, हे उघड आहे. पण त्यामुळे मराठी मुलाला संस्कृतकडे जाताना इंग्रजीच्या नाक्यावर जकात भरावी लागली. यात खर्च तर वाढलाच, शिवाय मुलाच्या तोंडी असलेले साहाय्य वाया गेले. एक उदाहरण देतो. ‘मी भाकरी खाल्ली’ हे वाक्य मुलगा व मुलगी सारखेच बोलतात. क्रियापदाचे लिंग बोलणाऱ्याचे नसून भाकरीचे असते. आंबा असेल तर ‘खाल्ला’, फळ असेल तर ‘खाल्ले’. संस्कृतात ‘रामेण फलं खादितम्’ म्हणताना नेमके हेच होते. कर्ता तृतीयेत जातो आणि धातुसाधित कर्माशी जुळते. इंग्रजीत या रचनेचा मागमूस नाही; तेथे शब्दांच्या क्रमावर सारा भार असतो. मराठी मुलाला जे न शिकताच येते, ते त्याला इंग्रजी कर्मणिप्रयोगाचा वळसा घालून शिकावे लागले.

हा संबंध भांडारकरांना कळला नव्हता असे कोणी समजू नये. १८७७ साली मुंबई विद्यापीठात त्यांनी जी विल्सन व्याख्याने दिली, त्यांचा विषयच संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषा हा होता. संस्कृत, पाली, प्राकृत, अपभ्रंश आणि शेवटी मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली या आजच्या भाषा, असा सारा ओघ त्यांनी त्यात उलगडून दाखविला. ती व्याख्याने पुस्तकरूपाने निघण्यास मात्र १९१४ साल उजाडावे लागले. भाषाशास्त्रज्ञ भांडारकरांना जे ठाऊक होते, ते पाठ्यपुस्तककार भांडारकरांच्या मराठी विद्यार्थ्यापर्यंत पोचले नाही. व्याख्याने आणि क्रमिक पुस्तक या दोन टोकांना जोडण्याचे काम पुढच्या पिढ्यांनी करावयास हवे होते.

त्यांच्या नोकरीचा प्रवास सरळ झाला नाही. एल्फिन्स्टन महाविद्यालयात त्यांनी संस्कृतचे प्राध्यापक म्हणून हंगामी काम केले. कायम जागा मात्र पीटर पीटरसन यांना मिळाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात कीलहॉर्न यांच्यानंतर ती १८८२ मध्ये त्यांच्याकडे आली. १८८५ साली ग्योटिंगेन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली, १८८६ मध्ये ते व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेस गेले आणि १८९३ ते १८९५ या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. ही यादी सर्वत्र सापडते.

त्यापेक्षा व्याकरणाचा त्यांनी काय उपयोग केला, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. पतंजलीचा काळ कोणता, हा प्रश्न तेव्हा वादग्रस्त होता. महाभाष्यात अनद्यतन भूतकाळाचा एक नियम येतो. जी घटना बोलणाऱ्याने पाहिली नाही, पण लोकांत प्रसिद्ध आहे आणि मनात आणले असते तर त्याला पाहता आली असती, तिच्यासाठी हा काळ वापरावा. उदाहरण म्हणून यवनाने साकेतास वेढा घातल्याचे वाक्य दिले आहे. त्यावरून गोल्डस्टुकर यांनी १८६१ साली पतंजली त्या स्वारीचा समकालीन ठरविला होता. भांडारकरांनी १८७२ मध्ये त्यास दुसऱ्या एका वाक्याची जोड दिली. आरंभलेली पण न संपलेली क्रिया वर्तमानकाळात सांगावी, या नियमाला पतंजलीने पुष्यमित्रासाठी आपण येथे यज्ञ करीत आहोत असे उदाहरण दिले होते. तेव्हा हे वाक्य लिहिले जात असताना पुष्यमित्र शुंग जिवंत असला पाहिजे. या दोन वाक्यांच्या आधारे त्यांनी इसवी सनापूर्वी १४४ ते १४२ हा काळ सुचविला. इतकी काटेकोर मर्यादा आज सर्वांना मान्य नाही, कारण वैयाकरणांची उदाहरणे जुनी, परंपरेने आलेलीही असू शकतात. तथापि दुसऱ्या शतकाचा मध्य हा सर्वसाधारण निर्णय बव्हंशी टिकून आहे. वर्तमान आणि भूत यांतला भेद, जो आपण शाळेत कंटाळून पाठ करतो, त्यावर त्यांनी एका कालखंडाचा निर्णय उभा केला.

दुसरा उपयोग अधिक जिव्हाळ्याचा होता. संमतिवयाचे विधेयक १८९१ साली आले. मुलीच्या बाबतीत संमतीचे वय दहावरून बारावर नेण्याची ती सूचना होती आणि तिने महाराष्ट्र ढवळून निघाला. गर्भाधानाचा संस्कार प्रथम ऋतूच्या वेळीच झाला पाहिजे, कायदा धर्मात हात घालतो, असा विरोधकांचा मुख्य मुद्दा होता. लोकमान्य टिळकांसारखा प्रखर बुद्धीचा पुरुष विधेयकाच्या विरोधात उभा होता. भांडारकरांनी गृह्यसूत्रे व स्मृतींतील वचने तपासून, विलंबाने धर्म बुडतो असे शास्त्र म्हणत नाही, हे दाखविणारे टिपण लिहिले. वाद पूर्वी शास्त्र्यांच्या सभेत मिटला असता. आता वचन समोर ठेवले गेले होते आणि पदच्छेद, विभक्ती, अन्वय यांच्या साहाय्याने कोणाही संस्कृतज्ञाला ते तपासता येत होते. ‘मार्गोपदेशिका’ शिकून गेलेले कित्येक वकील, शिक्षक व मामलेदार तोवर या प्रांतात तयार झाले होते. स्वतःच्या घरातही भांडारकरांनी माघार घेतली नाही. विधवा कन्येचा पुनर्विवाह त्यांनी घडवून आणला आणि त्यापायी आलेला सामाजिक रोष सोसला.

६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, पुण्यात त्यांच्या नावाची प्राच्यविद्या संशोधन संस्था स्थापन झाली. आपला ग्रंथसंग्रह त्यांनी तिला दिला. २४ ऑगस्ट १९२५ रोजी त्यांचे निधन झाले. संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रचंड काम १९६६ मध्ये पुरे केले, हे सर्वश्रुतच आहे.

‘मार्गोपदेशिका’ आजही छापली जाते. तिच्या धर्तीचे काम ज्यांच्यासाठी व्हावयास हवे, ती मुले मात्र आता निराळी आहेत. पुण्या-मुंबईच्या महापालिका शाळांत कन्नड, तेलुगू वा भोजपुरी बोलणाऱ्या घरांतील मुले मराठी शिकत आहेत. कन्नड मुलाच्या भाषेत क्रियापद नेहमी कर्त्याशीच जुळते. ‘भाकरी खाल्ली’ यातील दीर्घ ईकार कोठून आला, हे त्याला कोणी सांगितल्याशिवाय कळावे तरी कसे? शिक्षक चूक दुरुस्त करतो, पण कारण सांगत नाही, कारण अध्यापनाच्या पदविकेत ते त्यालाही शिकविलेले नसते. मराठीस ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. या दर्जाच्या निमित्ताने जो निधी येईल, त्यातील थोडा भाग गौरवग्रंथांकडून काढून, शेजारच्या प्रत्येक भाषेतून मराठीकडे येणाऱ्या मुलासाठी त्याच्याच भाषेत लिहिलेल्या एकेका पहिल्या पुस्तकावर खर्च व्हावा. प्रत्येक पुस्तकाचा पहिला पाठ कोणत्या क्रियापदांपासून सुरू करावा, याचा निर्णय दोन्ही भाषा जाणणाऱ्या, आणि त्यांतली एक तरी मोठेपणी शिकलेल्या शिक्षकांकडे सोपवावा.