बीडच्या मातीतील दात आणि सुलतानाचे मुक्काम

बीडजवळच्या करजनी गावी एक जुनी कबर आहे. तीत देह नाही, केवळ एक दात आहे. तो दिल्लीचा सुलतान मुहम्मद बिन तुघलक याचा असल्याचे सांगतात.

आपण त्यास लहरी म्हणून ओळखता. परंतु तो अज्ञानी नव्हता. पवित्र कुरआन त्यास मुखोद्गत होते, अशी ख्याती होती. नमाजविषयी तो अत्यंत कडक होता. १३२५ साली तो तख्तावर बसला आणि दोनच वर्षांत त्याने देवगिरीला दौलताबाद हे नाव देऊन दिल्लीकरांस तिकडे धाडले. वाटेवर सावलीची झाडे होती, उतरण्याच्या जागा होत्या. उणीव होती मशवऱ्याची. बरनी हे त्याच्याच दरबारातील इतिहासकार. या निर्णयात सुलतानाने कोणाचाही सल्ला घेतला नाही, असे ते लिहितात. वस्तुतः अल्लाह तआलाने प्रेषितांनाही (स.) आधी सोबत्यांशी विचारविनिमय करण्यास आणि निर्धार झाल्यावर आपल्यावर भरवसा ठेवण्यास सांगितले आहे. तवक्कुल याच क्रमाने येते. सुलतानाचा भरवसा स्वतःच्या बुद्धीवर होता. कित्येक माणसे वाटेतच दगावली आणि काही वर्षांनी उरलेल्यांस परतण्याची मुभा द्यावी लागली.

पुढे दूर दक्षिणेत माबरला बंड झाले. ते मोडण्यास निघालेल्या फौजेत वरंगळ येथे साथ पसरली, सुलतानही आजारी पडला. मागे फिरताना बीड येथे त्याचा दात पडला. फरिश्ता या इतिहासकाराने लिहिले आहे की, सुलतानाने तो समारंभपूर्वक पुरविला आणि त्यावर भव्य वास्तू उभारली. कोणत्या भूमीत मरण येईल हे कोणताही जीव जाणत नाही, ही शिकवण ज्यास पाठ होती, त्यानेच हे करावे! पैठणला पोहोचल्यावर त्यास उतार पडला.

आता त्याच वाटेने दक्षिणेत आलेल्यांकडे पाहा. निजामुद्दीन औलिया यांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब दिल्ली सोडून दौलताबादेस आले आणि येथेच स्थिरावले. कवी अमीर हसन सिज्जी हेही आले. दोघांच्या कबरी खुलदाबादेत आहेत. सुलतानाची योजना फसली. पण तिच्यामुळे ज्यांचे घर सुटले, त्यांना अल्लाहने येथे नवे घर दिले. आपल्या मराठवाड्याच्या दखनी बोलीत आजही त्या प्रवासाचे अवशेष आहेत. दसऱ्यानंतर बिऱ्हाड पाठीशी घेऊन ऊसतोडीस निघणाऱ्या बीडच्या कुटुंबांस हे वेगळे समजावण्याची गरज नाही.

१३४७ साली दौलताबाद सुलतानाच्या हातून गेले आणि बहमनी राज्य उभे राहिले. तो स्वतः तगी नावाच्या बंडखोराचा पाठलाग करीत पुढे सिंधमध्ये पोहोचला. तेथे त्याने आशुराचा रोजा ठेवला. इफ्तारनंतर मासे खाल्ले, ते बाधले आणि ताप उलटला. २० मार्च १३५१ रोजी ठट्ट्याजवळ, सिंधू नदीच्या काठी, छावणीतच त्याचा मृत्यू झाला.