विषाचा आकार ओळखणारा उतारा

एका सापाचे प्रतिविष दुसऱ्या सापावर का चालत नाही? विंचवासाठी वेगळे प्रतिविष का लागते? याची उत्तरे ब्राझीलच्या एका डॉक्टरच्या आयुष्यात सापडतात.

कोण होते व्हिताल ब्राझील?
२८ एप्रिल १८६५ रोजी मिनास जेराइस प्रांतातील कंपान्या गावात त्यांचा जन्म झाला. वडिलांनी मुलाच्या नावातच देश, प्रांत आणि गाव गुंफले. १८९१ मध्ये ते डॉक्टर झाले. पुढे कॉफीच्या मळ्यांच्या भागात काम करताना त्यांनी सर्पदंशाने दगावणारे मजूर पाहिले. १८९९ मध्ये सांतोस बंदरात प्लेगशी लढताना त्यांनाच प्लेग झाला, पण ते बचावले. १९०१ मध्ये साओ पाउलोत बुतांतान संस्था सुरू झाली आणि ते तिचे पहिले संचालक झाले.

त्यांनी काय शोधले?
फ्रान्सच्या काल्मेत यांनी नागाच्या विषावर तयार केलेले प्रतिविष ब्राझीलच्या सापांवर निकामी ठरले. रॅटलस्नेकचे प्रतिविष जराराका सापावर चालेना. ज्याचे विष, त्याचाच उतारा, हे व्हिताल ब्राझील यांनी प्रयोगांतून दाखवले. शेतकऱ्यांनी साप पाठवायचे आणि बदल्यात प्रतिविष घ्यायचे, अशी पद्धत त्यांनी घालून दिली. पुढे विंचू आणि कोळ्यांच्या विषावरही त्यांनी प्रतिविष बनवले.

असे का घडते?
विंचवाच्या विषातील घातक प्रथिन म्हणजे सुमारे ६० ते ७० अमिनो आम्लांची छोटी साखळी. गंधकाचे चार बंध तिला घट्ट आवळून ठेवतात, म्हणून ती सहज उलगडत नाही. आपल्या नेमक्या आकारामुळे ती मज्जापेशीच्या सोडियम वाहिनीला चिकटते. मग वाहिनीचे दार वेळेवर बंद होत नाही आणि मज्जातंतू संदेश पाठवतच राहतात. दरदरून घाम फुटतो, उलट्या होतात, हृदयावर ताण येतो. प्रतिविषातील प्रतिपिंडेही हाच आकार ओळखतात. आकार फार बदलला की त्यांची पकड सुटते.

आपल्याशी संबंध काय?
८ मे १९५० रोजी व्हिताल ब्राझील यांचे निधन झाले. विंचवाच्या विष-प्रथिनाची त्रिमितीय रचना त्यानंतर तीस वर्षांनी, १९८० मध्ये प्रसिद्ध झाली. जे त्यांना डोळ्यांनी दिसले नव्हते, ते त्यांनी प्रयोगांतून ओळखले होते. कोकणातील लाल विंचवावरचे प्रतिविष आजही त्याच विंचवाच्या विषापासून बनते. त्याच्या जोडीला प्राझोसिन हे औषधही दिले जाते. म्हणून विंचू चावल्यास मंत्र-तंत्रात वेळ न घालवता थेट दवाखाना गाठावा.