भाभांची मोजपट्टी

होमी भाभा म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे तुर्भ्याच्या खाडीकाठचा अणुभट्टीचा घुमट येतो, पंडित नेहरूंच्या शेजारी उभा असलेला देखणा, रुबाबदार माणूस येतो आणि शेवटी आल्प्समधला तो विमान अपघात. जगभरच्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळांत मात्र भाभा हे नाव वेगळ्याच अर्थाने रोज घेतले जाते. तिथे भाभा मोजले जातात. इलेक्ट्रॉन आणि त्याचा जुळा विरोधी कण पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून जेव्हा पुन्हा इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनच बाहेर पडतात, त्या घटनेला हे नाव मिळाले आहे. विश्वात द्रव्य उरले आणि प्रतिद्रव्य गेले कुठे, या आजच्या सर्वांत अवघड प्रश्नांपैकी एकाचा माग काढताना ही मोजणी पायाशी असते. तुर्भ्याच्या संस्थापकाला हे श्रेय आपल्याकडे फारसे कुणी देत नाही.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९चा, मुंबईतल्या सुखवस्तू पारशी घरातला. वडील जहांगीर बॅरिस्टर. आत्या मेहेरबाई ही सर दोराबजी टाटांची पत्नी, त्यामुळे मुलाचे भवितव्य जणू आधीच ठरलेले होते: केंब्रिजला जायचे, अभियंता व्हायचे, परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हायचे. १९२७ साली मुलगा केंब्रिजला गेला आणि वर्षभरातच त्याने वडिलांना कळवून टाकले की यंत्रे हा त्याचा पिंड नाही, त्याला भौतिकशास्त्र करायचे आहे. बॅरिस्टर वडिलांनी करार केला. आधी यांत्रिक अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिला वर्ग मिळव, मग गणितासाठी आणखी दोन वर्षांचा खर्च देतो. मुलाने १९३० साली पहिला वर्ग मिळवला, १९३२ साली गणितातही मिळवला. पोलाद कारखान्याचा विषय तिथेच संपला.

वेळ फार चांगली साधली गेली होती. गणित शिकवायला पॉल डिरॅक होते. डिरॅक यांच्या समीकरणातून एक विचित्र गोष्ट निघत होती: इलेक्ट्रॉनइतक्याच वजनाचा, पण धन विद्युतभाराचा कण असायला हवा. १९३२च्या ऑगस्टमध्ये कार्ल अँडरसन यांना अमेरिकेत विश्वकिरणांच्या छायाचित्रात नेमका तसाच कण दिसला. पुढच्याच वर्षी केंब्रिजमधल्या ब्लॅकेट आणि ओक्किआलिनी यांनी त्याला दुजोरा दिला. म्हणजे प्रतिद्रव्य ही कल्पना कागदावरून उतरून प्रत्यक्षात आली तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचे भाभा त्याच इमारतींत वावरत होते.

आज नागपुरातल्या रुग्णालयात कर्करोगाच्या रुग्णाचा पेट स्कॅन होतो, तेव्हा हाच पॉझिट्रॉन कामाला लावलेला असतो. रुग्णाला किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर टोचतात. फ्लोरिनचा अणू विघटित होताना पॉझिट्रॉन सोडतो, तो शरीरातल्या एखाद्या इलेक्ट्रॉनला गाठतो, दोघेही नष्ट होतात आणि त्यांच्या जागी गॅमा किरणांची जोडी विरुद्ध दिशांना निघते. ती जोडी पकडून यंत्र गाठ कुठे आहे ते दाखवते. द्रव्य आणि प्रतिद्रव्य भेटले की दोघांचाही शेवट, हा नियम त्यात पुरता दिसतो.

भाभांनी १९३५ साली विचारलेला प्रश्न याच्याच पुढचा होता. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन जवळून गेले आणि एकमेकांच्या ओढीने फक्त वाकले, तर ते किती वाकतील? वरवर पाहता सोपा हिशेब. पण भाभांच्या लक्षात आले की तिथे दुसरीही वाट आहे. दोघे आधी नष्ट होतील, क्षणभर नुसती ऊर्जा राहील आणि तिच्यातून नवा इलेक्ट्रॉन व नवा पॉझिट्रॉन जन्मेल. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काय घडले ते कळायचा मार्गच नाही, आणि पुंजभौतिकीचा नियम असा की जिथे दोन वाटा ओळखू येत नाहीत तिथे दोन्ही धरून उत्तर काढावे लागते. पॉझिट्रॉन हा स्वतंत्र, इलेक्ट्रॉनशी नाते नसलेला कण मानला तर एक उत्तर येते. डिरॅक यांच्या म्हणण्याप्रमाणे तो इलेक्ट्रॉनचाच विरोधी जुळा मानला तर वेगळे येते. भाभांनी तो फरक आकड्यांत मांडला. पुढच्या वर्षी तो निबंध रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. वय सव्वीस.

यानंतरची तीन-चार वर्षे भाभांच्या संशोधनातली सर्वांत सुपीक म्हणावी लागतील. १९३७ साली वॉल्टर हाइटलर यांच्याबरोबर त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा उलगडा केला: एक वेगवान इलेक्ट्रॉन वातावरणात शिरतो, त्यातून गॅमा किरण, त्यातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी, त्या जोडीतून आणखी गॅमा किरण, अशी लड पेटत जाते. १९३८ साली त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला, जो विघटनाच्या अभ्यासाला फारच उपयोगी पडला. विश्वकिरणांत सापडलेला जड इलेक्ट्रॉन, ज्याला आज म्युऑन म्हणतात, अल्पायुषी असला तर सापेक्षतेच्या सिद्धान्ताप्रमाणे वेगात असताना त्याचे आयुष्य लांबलेले दिसायला हवे. म्युऑन स्थिर असता तर सरासरी २.२ मायक्रोसेकंद जगला असता. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा साधारण ६६० मीटरच जातो. तरी दहा-पंधरा किलोमीटर उंचीवर जन्मलेले म्युऑन जमिनीवर पोचतात, आत्ताही आपल्या अंगातून जात आहेत. भाभांनी सांगितलेला हा ताळा काही वर्षांतच प्रयोगात जुळला. मेसॉन हे आटोपशीर नावही त्यांनीच १९३९ साली सुचवले.

त्याच वर्षी ते सुट्टीवर मुंबईला आले आणि सप्टेंबरमध्ये महायुद्ध सुरू झाले. परतीचा मार्ग बंद. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, सी. व्ही. रामन यांच्याकडे त्यांनी विश्वकिरणांचा विभाग उभा केला. १९४१ साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. युद्ध संपल्यावर केंब्रिजने त्यांना आनंदाने परत घेतले असते. पण १२ मार्च १९४४ रोजी भाभांनी सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीला लिहिले आणि मूलभूत भौतिकीची पहिल्या दर्जाची शाळा भारतातच काढण्यासाठी मदत मागितली. हिरोशिमाच्या जवळजवळ दीड वर्ष आधीची ही गोष्ट. १ जून १९४५ रोजी टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगळुरूत सुरू झाली, वर्षअखेरीस ती मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ या बंगल्यात आली. भाभांचा जन्म झाला तेच हे घर.

यातून त्यांना काय गमवावे लागले, तेही पाहायला हवे. १९४८ साली अणुऊर्जा आयोग, १९५४ साली तुर्भ्याची संस्था आणि अणुऊर्जा विभाग, १९५५ साली जिनिव्हाच्या परिषदेचे अध्यक्षपद, १९५६ साली अप्सरा अणुभट्टी. युरेनियमचा शोध घेणारी यंत्रणाही याच पसाऱ्यातली, तिचे मध्य विभागाचे कार्यालय नागपुरात आहे. या सगळ्यात भाभांचे स्वतःचे संशोधन पन्नासच्या दशकाच्या मध्याला जवळजवळ थांबले. फ्रेंच गणिती जाक आदामार यांनी नोबेलसाठी त्यांचे नाव अनेकदा सुचवले होते, ते जुन्या कामावर. भाभांनी आपले उत्तम संशोधक आयुष्य संस्थेच्या पायात घातले, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

संस्थेने मात्र नेमका तोच धागा पुढे नेला. १९५१ साली बर्नार्ड पीटर्स मुंबईत आले. अमेरिकेत कम्युनिस्टविरोधी चौकशांच्या काळात ते नको झालेले संशोधक होते. भाभांनी त्यांना प्राध्यापकपद दिले. त्यांच्याबरोबर देवेंद्र लाल आणि यश पाल ही तरुण मंडळी छायाचित्रणाच्या जाड काचा फुग्यांबरोबर आकाशात सोडत, खाली आणून सूक्ष्मदर्शकाखाली कणांच्या वाटा तासन् तास पाहत. त्यांना सापडणाऱ्या कणांत के मेसॉन होते, जन्मल्याबरोबर वेगवेगळ्या रीतींनी फुटणारे. हे के मेसॉन पुढे फार मोठी खळबळ उडवणार होते.

निसर्ग कण आणि प्रतिकण यांत भेद करत नाही, अशी तोवर भौतिकीची श्रद्धा होती. कणाच्या जागी प्रतिकण ठेवा, डाव्याचे उजवे करा, नियम तेच राहतील. १९६४ साली अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत क्रोनिन, फिच आणि त्यांचे सहकारी विद्युतभाररहित के मेसॉनचा एक दीर्घायुषी प्रकार तपासत होते. नियमाप्रमाणे तो दोन पायऑनमध्ये कधीच फुटायला नको होता. २२,७०० विघटनांत तो सुमारे ४५ वेळा फुटला. हजारात दोनदा. एवढ्याशा फटीतून निसर्गाचा पक्षपात उघडा पडला. १९६७ साली आंद्रेई साखारोव्ह यांनी दाखवून दिले की विश्वात द्रव्य शिल्लक राहायचे असेल तर असा पक्षपात हवाच, आणि त्याच्या जोडीला द्रव्यकणांची संख्या बदलू देणारी प्रक्रियाही हवी. आरंभी साधारण एक अब्ज प्रतिकणांमागे एक अब्ज एक कण असावेत. जोड्या जोडीने नष्ट झाल्या. तो जास्तीचा एक म्हणजे तारे, पृथ्वी आणि आपण.

साखारोव्ह यांचा निबंध वाचायला भाभा नव्हते. २४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नातल्या बैठकीसाठी निघालेले भाभा ज्या एअर इंडियाच्या विमानात होते ते जिनिव्हाला उतरण्याआधी माँ ब्लाँ शिखरावर आदळले. ११७ जण गेले. भाभा छप्पन्न वर्षांचे होते. वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांच्यात विमान शिखराच्या पुढे आहे की मागे याबद्दल गैरसमज झाला, असा चौकशीचा निष्कर्ष. कटाच्या कहाण्या आजही चघळल्या जातात, त्यांना पुरावा नाही.

जाण्याआधीच्या वर्षी त्यांना एक समाधान मिळाले होते. संस्थेची मंडळी पन्नासच्या दशकाच्या आरंभापासून कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत विश्वकिरण मोजत होती. १९६५ साली तिथे, जमिनीखाली सव्वादोन किलोमीटरवर, वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोची पहिली नोंद झाली. १९८० नंतर त्याच खाणीत १४० टन लोखंडाचे उपकरण बसवून प्रोटॉन फुटतो का ते पाहिले गेले, म्हणजे साखारोव्ह यांची दुसरी अट. काही संशयित घटना दिसल्या, पण परदेशांतल्या मोठ्या उपकरणांनी त्यांना पुष्टी दिली नाही. प्रोटॉन अजून तरी कुठे फुटलेला दिसलेला नाही.

भाभांना चित्रकला आणि पाश्चात्त्य संगीत यांचा नाद होता. कुलाब्याच्या संस्थेच्या भिंती त्यांनी तरुण भारतीय चित्रकारांच्या कामांनी भरल्या. त्यांत नागपुरात जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांचीही चित्रे आहेत. समुद्राकडे तोंड करून उभी असलेली ती इमारत पाहिली की हिशेबी माणसाला हा खर्च कशासाठी असे वाटेल. भाभांना तसे कधी वाटले नाही.

आता पुन्हा त्या मोजणीकडे. जपानमधल्या त्सुकुबा इथे ७ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टचे इलेक्ट्रॉन आणि ४ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टचे पॉझिट्रॉन समोरासमोर आणतात. त्यातून बी मेसॉन आणि त्यांचे प्रतिकण जोडीने जन्मतात. ऊर्जा मुद्दाम असमान ठेवलेली असते, म्हणजे जोडी एका बाजूला धावते. दोघांच्या फुटण्याच्या जागांत मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे अंतर पडते आणि त्या अंतरावरून एक दुसऱ्याच्या किती आधी फुटला ते कळते. २००१ साली याच ठिकाणच्या आधीच्या प्रयोगाने, आणि त्याच वेळी कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगाने, बी मेसॉनमध्येही कण-प्रतिकण भेद सिद्ध केला. कोबायाशी आणि मास्कावा यांनी १९७३ साली केलेले भाकीत खरे ठरले. अडचण एवढीच की त्यांच्या सिद्धान्तात बसणारा भेद विश्वातल्या द्रव्याचा हिशेब लावायला फारच अपुरा आहे. २०२५ साली जिनिव्हाजवळ प्रोटॉनच्या कुळातल्या एका जड कणाच्या विघटनात अडीच टक्क्यांच्या आसपास भेद सापडला, तोही प्रचलित सिद्धान्ताच्या बाहेरचा आहे असे अजून म्हणता येत नाही. बाकीचा भेद कुठे लपला आहे, तोच आता शोधायचा आहे.

एखादे विघटन कोटीत एकदा होते की दोनदा, हे सांगायचे तर आधी टकरी किती झाल्या ते माहीत हवे. टकरी मोजायला अशी घटना लागते जी भरपूर घडते आणि जिचा हिशेब पक्का आहे. ती घटना भाभांची. मोजपट्टी चुकली तर काय होते, याचे उदाहरण ताजे आहे. जिनिव्हाजवळच्या जुन्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन यंत्राने विश्वातल्या हलक्या न्यूट्रिनोंचे प्रकार मोजले होते. उत्तर आले २.९८४०, तीनपेक्षा किंचित कमी, आणि ती तूट अनेक वर्षे नव्या भौतिकीची चाहूल म्हणून पाहिली गेली. २०२० साली जानो आणि यादाख या दोन शास्त्रज्ञांनी भाभांच्या घटनेचा हिशेब आणखी बारकाईने केला, किरणशलाकांचा एकमेकींवर होणारा परिणामही धरला. नवे उत्तर २.९९६३. तूट नाहीशी झाली.

त्सुकुबाच्या उपकरणात बी मेसॉन कुठे फुटला ते टिपणाऱ्या सिलिकॉनच्या थरांपैकी एक थर कुलाब्याच्या चमूने जुळवला आहे. २०१९पासून तिथे नोंदी जमत आहेत.