ऑस्कर बार्नाक : ९० वर्षं जुनी लेन्स आजही कशी चालते?

झरीतल्या शेताचा फोटो आपण खिशातून मोबाईल काढून झटकन घेतो. पण कॅमेरा असा सहज सोबत नेता यावा, यासाठी ऑस्कर बार्नाक यांनी आयुष्य घातलं.

त्यांचा जन्म १८७९ चा, जर्मनीतला. १९११ पासून ते वेट्झलारच्या लाइट्झ या मायक्रोस्कोप कंपनीत होते. त्यांना दम्याचा त्रास. जड कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा घेऊन फिरणं जमेना. मग १९१४ च्या सुमारास त्यांनी सिनेमाच्या ३५ मिमी फिल्मवर चालणारा छोटा कॅमेरा बनवला. मध्ये महायुद्ध आलं. 'लायका' बाजारात यायला १९२५ उजाडलं.

१९३२ च्या मॉडेलमध्ये रेंजफाइंडर आला: दोन प्रतिमा जुळल्या की फोकस झाला. लेन्सही बदलता यायची, ३९ मिमीच्या आट्यांवर फिरवून. १९३६ मध्ये बार्नाक गेले.

आता गंमत बघा. त्या लेन्सला फिल्मपासून २८.८ मिमी अंतर लागायचं. आजच्या डिजिटल लायका एममध्ये सेन्सरपर्यंतचं अंतर २७.८ मिमी आहे. मध्ये १ मिमीची अडॅप्टर रिंग बसवा, जुनी लेन्स चालू! फोकस मात्र हातानंच करायचा.

प्रत्येक फोनला वेगळा चार्जर लागायचा, ते दिवस आठवा. माप एकदा नीट ठरलं की वस्तू बनवणाऱ्यापेक्षाही जास्त जगते.